उभ्या उभ्या केलेल्या सह्या

खेळाडू पैसे उधळतात म्हणून भिकेला लागतात, असं ज्याला वाटत असेल त्याने ते एकदा कपड्यांच्या खोलीत जाऊन ताईसमोर बोलून दाखवावं. क्लबाच्या नव्या अकाउंटंटने दाखवलं होतं. बिचारा साबणाच्या बिलाचं विचारायला आला होता आणि जाता जाता सहज म्हणाला, "तुमच्या भावाने एवढं कमावलं, गेलं कुठे हो सगळं? गाड्या, पार्ट्या, दुसरं काय!" ताईने हातातला ओला टॉवेल टेबलावर असा आपटला की त्याच्या चष्म्यावर थेंब उडाले.

"एक गाडी होती त्याची," ती म्हणाली. "एक. आणि दारूच्या थेंबाला शिवला नाही तो कधी. पार्ट्या तुमच्या साहेबांच्या असायच्या, त्यात माझ्या भावाला शोभेला उभा करायचे. कळलं? ठेवा ते बिल तिकडे."

अकाउंटंट गेला तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकला नाही. आता बिलं शिपायाच्या हाती येतात.

ताई चोपन्न वर्षांची. त्यातली एकतीस वर्षं या एका फुटबॉल क्लबाचे कपडे धुण्यात गेली. वडील मैदानाचं गवत कापायचे. ते गेले तेव्हा क्लबाने दया म्हणून तिला कपड्यांच्या खोलीत घेतलं. दया म्हणून घेतलेल्या या बाईने एकतीस वर्षांत एकाही खेळाडूला ओल्या मोज्यांत मैदानावर जाऊ दिलेलं नाही, पण क्लबाच्या कागदावर ती अजून 'तात्पुरती मदतनीस'च आहे. एकतीस वर्षं चाललेलं तात्पुरतं काम तिने तरी दुसरं कुठे पाहिलेलं नाही.

खोली स्टँडच्या पायऱ्यांखाली आहे. तिरक्या छताची, लांबट. एका भिंतीला तीन मोठी धुलाई यंत्रं, मागे सुकवणीची खोली, मधोमध लांब टेबल, आणि कोपऱ्यात शर्टावर नाव-नंबर चिकटवायचं गरम यंत्र. प्रत्येक खेळाडूची जाळीची पिशवी, पिशवीला नंबरची पट्टी. शर्ट उलटे करून धुवायचे, नाहीतर नंबर सुटतात. गवताचा डाग आधी भिजत टाकायचा. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही, ते कायमचं बसतं. कोणाचा शर्ट खांद्याशी उसवलाय, कोणाची चड्डी एकाच बाजूला मळलीय, यावरून ताई सामना न बघता सांगायची, कोण पळालं आणि कोणी नुसता वेळ काढला. प्रशिक्षकसुद्धा सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन यायचा आणि विचारायचा, "काय म्हणतात कपडे?"

त्या पिशव्यांमध्ये तेरा वर्षं नऊ नंबरची पिशवी तिच्या सख्ख्या भावाची होती. तिच्याहून चौदा वर्षांनी धाकटा, उंची सहा फूट दोन इंच आणि घरातलं नाव छोट्या. मैदानावर मात्र त्याला कोणी छोट्या म्हटलं नाही. त्याचा डावा पाय चेंडूला लागला की गोलकीपर आधी डोळे मिटायचा आणि मग उडी मारायचा. लोकांनी नाव ठेवलं तोफ. अख्खा स्टँड पाय आपटून "तोफ! तोफ!" ओरडायचा तेव्हा खाली कपड्यांच्या खोलीत छताचा रंग पडायचा. ताई तो रंग झाडूने गोळा करायची आणि वर तोंड करून म्हणायची, "हळू रे, मेल्यांनो." तेव्हा तिच्या तोंडावर हसू असायचं, हे खरं.

आता तिच्या रागाचं. तिचा राग आधी क्लबावर आहे, आणि तो अगदी नीट विचार करून धरलेला राग आहे. चौदाव्या वर्षी क्लबाने छोट्याला वसतिगृहात नेलं. तिथून पुढची एकोणीस वर्षं त्या पोराला कोणी स्वतःचं म्हणून एकही काम करू दिलं नाही. सकाळी उठवायला माणूस. ताटात काय वाढायचं ते वजन करून ठरवायला माणूस. पायाची नखं कापायला माणूस. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात, बँकेची पत्रं ऑफिसात, दाताचा डॉक्टरसुद्धा क्लबाचा. बस कुठे जातेय हे विचारायची गरज नाही, आपण नुसतं चढायचं. चेंडू डाव्या पायाने मारू की उजव्या, एवढंच त्याने ठरवायचं, आणि तेही प्रशिक्षक बाहेरून ओरडून सांगायचा. अशी पोरं तेहतीस वर्षांची करायची आणि एके दिवशी म्हणायचं, जा बाबा, आता तू मोठा झालास, तुझं तू बघ.

एका जुन्या गोलकीपरने खेळ सोडल्यावर चार महिन्यांनी तिला फोन केला होता. "ताई, एक विचारू का? मशीनमध्ये तीन खाने आहेत, पावडर कुठल्यात टाकू?" दोनशेवर सामने खेळलेला माणूस, दोन मुलांचा बाप. ताई पोट धरून हसली. मधल्या खान्यात टाक म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला काही हसू येईना. ज्याला साबण कुठे टाकायचा माहीत नाही, त्याच्या नावावर बँकेत किती रक्कम आहे आणि ती कोण सांभाळतंय, हा विचार तिच्या मनातून जाईना.

दुसरा राग शुक्रवारांवर. दर शुक्रवारी सरावानंतर सह्यांचा कार्यक्रम असायचा. जाहिरातवाले, देणगीदार, कोणाकोणाचे मेहुणे, सगळ्यांना सही केलेल्या वस्तू हव्या असायच्या. बाहेरचा बोळ अरुंद, म्हणून टेबल वापरायचे ताईचं. तिने घडी घातलेले कपडे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चेंडू, शर्ट, फोटो यांची चळत. खेळाडू आंघोळ करून यायचे, हातात मार्कर घ्यायचे आणि उभ्या उभ्या साठ-सत्तर सह्या ठोकत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघायचे. तोंडाने गप्पा चालू, मान मागे वळलेली, हात आपला चालतोय. वाचून सही करणारा खेळाडू ताईने एकही पाहिला नाही. चेंडूवर वाचण्यासारखं असतं तरी काय?

वर्षानुवर्षं हे केलं की हाताला सवय लागते. समोर पांढरं काही आलं आणि बोटांत पेन आलं की हात डोक्याला विचारत नाही. एकदा यंत्र दुरुस्त करायला आलेल्या कारागिराने ताईपुढे पावती धरली, ती मधल्यामध्ये छोट्याने घेतली, झोकात सही केली, खाली फुटबॉलचं चित्र काढलं आणि त्या माणसाकडे बघून हसून परत दिली. कारागीर खूश. क्लबाच्या ऑफिसात महिनाभर वाद चालला, की गिअरबॉक्स बदलल्याची खात्री आघाडीच्या खेळाडूने कशी काय दिली. तेव्हा सगळे हसले होते. ताईही हसली होती.

ही सवय एका माणसाच्या मात्र बरोबर लक्षात आली होती. त्याच्या कार्डावर 'खेळाडू सल्लागार' असं छापलेलं, म्हणून सगळे त्याला सल्लागारच म्हणायचे. छोट्या साहेब म्हणायचा. गोड बोलणारा, प्रत्येकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करणारा माणूस. त्याचं ऑफिस शहरात होतं, तिथे खुर्च्या होत्या, पंखा होता, बसून वाचायला हवा तेवढा वेळ होता. पण कागद घेऊन तो यायचा नेमका शुक्रवारी, सह्या ऐन रंगात आलेल्या असताना. हातात फाइल, फाइलमध्ये जिथे जिथे सही हवी तिथे गुलाबी चिठ्ठी चिकटवलेली.

"जरा जागा करा ना ताई," तो म्हणायचा.

आणि ताई जागा करायची. इस्त्री केलेले शर्ट उचलून बाजूला ठेवायची. तो फाइल पसरायचा. "इथे, इथे, आणि इथे." छोट्या फोटोवरून चेंडूवर, चेंडूवरून फाइलवर आणि फाइलवरून पुन्हा शर्टावर. त्याच वेळी मागच्या पोराला कसलातरी विनोद सांगत असायचा.

एकदा तिने विचारलं होतं, "काय रे ते?"

"असंच गं. साहेबांचं काहीतरी."

"टॅक्सबिक्स हो ताई," सल्लागार हसून म्हणाला होता. "भावाने गोल करावेत, कागद आम्ही करतो."

ते वाक्य तिला तेव्हा आवडलं होतं. आज ते आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्या आगीतला मोठा वाटा तिच्या स्वतःसाठी असतो. शर्ट तिने उचलले होते. जागा तिने करून दिली होती. अकाउंटंटच्या चष्म्यावर पाणी उडालं ते काही उगीच नाही.

छोट्याचा गुडघा गेला तो एका साध्या सरावात. समोर कोणी नव्हतं, तो वळला आणि खाली बसला. दोन ऑपरेशनं झाली, मग डॉक्टर खांद्यावर हात ठेवून बोलू लागले, आणि असा हात खांद्यावर पडला की खेळाडूने काय ते समजायचं. निरोपाचा हार पडला, भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून ताईला निरोप आला की नऊ नंबर नव्या खेळाडूला दिलाय, उरलेल्या शर्टांवरचं जुनं नाव काढून घ्या. अकरा शर्ट होते. तिने यंत्र तापवलं, एकेक अक्षर सैल केलं, चिमट्याने सोललं, राहिलेला डिंक स्पिरिटने पुसला. काम आहे, करायलाच हवं. मग सुकवणीच्या खोलीत गेली, दार लावलं आणि क्लबाच्या अध्यक्षापासून शिपायापर्यंत सगळ्यांना अशा शिव्या घातल्या, की त्या तिला येत होत्या हे तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर कागद बोलू लागले. कोणा बसवाल्याच्या कर्जाला छोट्या जामीन होता. तो बसवाला छोट्याने कधी पाहिलेला नव्हता. तो पळाला तेव्हा बँक छोट्याच्या दारात आली. एका इमारतीत चार फ्लॅट घेतलेले होते. त्या जागी अजून खड्डा आहे, आणि पाणी साचून त्यात बदकं येतात. मुखत्यारपत्र म्हणजे काय हे छोट्याला कळलं ते वकिलाच्या ऑफिसात, आणि त्याच्या नावाने सल्लागार सहा वर्षं सगळे व्यवहार करू शकत होता हेही तिथेच कळलं. "सही तुमचीच आहे ना?" वकिलाने विचारलं. सही त्याचीच होती. खाली एके ठिकाणी फुटबॉलचं चित्रसुद्धा होतं.

बंगला गेला, गाडी गेली. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. ताई तिला दोष देत नाही; दारावर वसुलीवाले बसलेले असताना मुलीचा अभ्यास कसा घ्यायचा? पूर्वी ज्यांच्या चपलांनी त्या बंगल्याचा दरवाजा उघडता यायचा नाही, ते मामा, ते आत्येभाऊ, ते लांबचे जावई आता रस्त्यात दिसले तर दुकानाच्या काचेत काहीतरी बघू लागतात. आणि सल्लागार? तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तोफ, मीसुद्धा बुडालो रे." पुढच्या महिन्यात त्याने नवी गाडी घेतली. बायकोच्या नावावर.

या सगळ्यातून एक वाचलं होतं, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. छोट्याला पहिला करार मिळाला तेव्हा, एकोणिसाव्या वर्षी, त्याने ते आई आणि ताईला घेऊन दिलं. घर त्या दोघींच्या नावावर, म्हणून कोणाला हात लावता आला नाही. गेले आठ महिने तोही तिथेच होता. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायचा, पाय मावत नाहीत म्हणून पुढे स्टूल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई खूश होती. चौदाव्या वर्षी नेलेलं पोर शेवटी तिच्या हातचं जेवत होतं, त्याचं सगळं बुडालं म्हणून का होईना.

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी अकराच्या सुमाराला छोट्या कपड्यांच्या खोलीत आला. आदल्या दिवशी चिखलात सामना झालेला, तिन्ही यंत्रं भरून फिरत होती. दाढी केलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि तोंडावर हसू. असं हसू ताईने वर्षभरात पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. कुठेतरी काम मिळालं असेल.

"ताई, बस जरा."

"मी बसले तर हे बावीस जोड मोजे तू उलटे करणार का? बोल तसाच, कान मोकळे आहेत."

त्याने टेबलावर फाइल ठेवली आणि उघडली. पानाला गुलाबी चिठ्ठी चिकटवलेली होती.

ताईच्या हातातला मोजा तसाच राहिला. "हे कोणी दिलं?"

"आधी ऐकून तर घे. अकॅडमी काढतोय आम्ही. मुलांना शिकवायची. माझ्या नावाने, ताई! रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा बोर्ड, त्यावर माझा फोटो. जागा बघून झालीय. साहेबांनी सगळं जमवलंय."

"आम्ही म्हणजे तू आणि तो?"

"घर फक्त तीन महिने तारण ठेवायचंय. कर्ज मंजूर झालं की कागद परत. आईने सकाळीच सही दिली." त्याने पान उलटून दाखवलं. खाली आईची थरथरती अक्षरं होती, ओळीच्या वर-खाली जाणारी. तिने चष्मा तरी लावला होता की नाही कोण जाणे. मुलाने सांगितलं, तिने सही केली.

"तुझी इथे. आणि इथे," छोट्या म्हणाला, आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं.

ताईने हात एप्रनला पुसले. स्टूल ओढलं, आणि त्यावर स्वतः न बसता भावाला खांद्याला दाबून बसवलं.

"वाच."

"काय?"

"मोठ्याने वाच. पहिल्या ओळीपासून."

"ताई, साहेब बाहेर गाडीत थांबलेत. पाच मिनिटांचं काम आहे."

"थांबू दे. पेट्रोल तुझ्याच पैशाचं जळतंय. वाच!"

तो वाचू लागला. शाळा सुटल्यापासून त्याने मोठ्याने काही वाचलं नसावं. शब्दाशब्दाला अडखळत होता. लिहून देणार आई आणि ताई, त्यांची नावं, वयं, पत्ता. लिहून घेणार म्हणून एका बाईचं नाव होतं.

"ही कोण?"

"ही... साहेबांच्या मिसेस."

"बँकेकडे तारण ठेवायचंय ना? मग बँकेचं नाव कुठे आहे? पुढे वाच."

"'सदर मिळकत... कोणताही बोजा नसलेली... लिहून घेणार यांना कायमची खरेदी दिली असे.'" तो थांबला.

"तारण शब्द शोध. बोट ठेवून शोध, मला घाई नाही."

त्याने खरंच बोट ठेवलं. एका यंत्राचं पाणी सुटलं, दुसरं घरघरायला लागलं, आणि त्या आवाजात चाळीस वर्षांचा माणूस ओळीखाली बोट फिरवत शब्द शोधत राहिला. तीन पानं झाली. तारण कुठेच नव्हतं. मोबदला मात्र होता. नियोजित अकॅडमीतील दहा टक्के भागीदारी.

"नियोजित म्हणजे?" ताईने विचारलं.

"व्हायची आहे ती."

"आणि ताबा कधी द्यायचा लिहिलंय?"

"तीस दिवसांच्या आत," तो हळू म्हणाला.

"म्हणजे एकतिसाव्या दिवशी आई कुठे झोपणार? तुझ्या बोर्डाखाली?"

ताईला वाटलं, आता हा उठेल. एका चुकीच्या ऑफसाइडसाठी हा माणूस पंचाच्या अंगावर धावून गेला होता, चौघांनी त्याला धरला होता. आता बाहेर जाईल, गाडीचं दार उघडेल आणि त्या भामट्याची कॉलर धरेल. ती वाट बघत राहिली. छोट्याने पानं एकावर एक नीट ठेवली, टेबलावर उभी ठोकून कडा जुळवल्या.

"मला अंदाज होता," तो म्हणाला.

"कसला?"

"तारण नसेल असा. साहेब सरळ कधीच सांगत नाहीत." मग घाईघाईने, "पण ताई, एकदा बोर्ड लागू दे. उद्घाटन होऊ दे. लोक येतील, पेपरवाले येतील. मग घर सोडवून घेऊ आपण."

"विकलेलं घर सोडवत नाहीत रे!" ताई एवढ्याने ओरडली की बाहेर बोळात कोणाच्यातरी हातातून बाटल्यांचा क्रेट पडला. "तुझा बंगला खाल्ला त्याने. तुझा संसार खाल्ला. तुझी पोर सुट्टीत दोन दिवस दिसते तुला. आता म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर ताटात वाढून नेऊन देतोयस? आणि अंदाज होता म्हणतोस! लाज कशी वाटत नाही?"

"खाल्लं त्याने," छोट्या म्हणाला. "माहितेय मला. मी वेडा नाही."

"मग?"

तो पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. "तो एकटाच फोन करतो मला."

"फोन?" ताईने विचारलं.

"रोज करतो. क्लबातून सात वर्षांत एक फोन नाही. ज्यांना मी पास दिले, ज्यांनी माझ्या पासवर गोल मारले, कोणाचा नाही. तो करतो. जेवलास का विचारतो. 'काय तोफ, कसा आहेस' म्हणतो. अजून तोफ म्हणतो मला, ताई. घरी तुम्ही दोघी मला छोट्या म्हणता आणि सोफ्यावर चादर घालून देता."

ताईचा राग होताच. उलट इतका कधीच आला नव्हता. त्या सल्लागाराला कळलेलं होतं. पोराला फोन हवाय, चार शब्द हवेत, ही एवढी साधी गोष्ट त्या चोराला कळली होती, आणि एकाच घरात आठ महिने राहून तिला कळली नव्हती. तिला भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं एकही तिला जमलं नाही. तिला जे जमत होतं ते तिने केलं. फाइल ओढली, आईच्या सहीचं पान टर्रकन फाडून काढलं आणि घडी करून मुठीत धरलं.

"ही सही मी देत नाही," ती म्हणाली. "आईचीही मिळणार नाही. जा, सांग त्याला. नाहीतर राहू दे, तू इथेच बस. मी सांगते. बस तू. चहा सांगते मी तुझ्यासाठी. आपण बोलू. तुला काय म्हणायचं ते..."

टेबलावरचा त्याचा फोन थरथरू लागला. छोट्याने नाव बघितलं. त्याची पाठ सरळ झाली. आवाज मोकळा, भरदार झाला, टीव्हीवर बोलताना व्हायचा तसा.

"हो साहेब! आलो, आलोच."

त्याने उरलेली फाइल काखेत मारली आणि निघाला. स्टुलापासून दारापर्यंत तो लंगडत गेला. दाराबाहेर उजेडात पाऊल टाकताना मात्र त्याने गुडघा सरळ केला, आणि पुढे गाडीपर्यंत चालताना कोणालाही काही कळलं नसतं.

ताई तशीच मागे धावली. ओला एप्रन, पायात रबरी बूट. ती पार्किंगच्या तोंडाशी पोहोचली तोवर गाडीचं दार लागलं होतं. मैदानावर सराव चालू होता, पोरं चेंडू थांबवून बघायला लागली.

"छोट्या!" ती ओरडली. "कशावरही सही करू नकोस! ऐकलंस का? काही म्हणजे काही सही करू नकोस!"

आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. गाडी गेटकडे वळली. छोट्याने खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि वर करून हलवला, गोल झाल्यावर स्टँडकडे हलवायचा तसा, कोणाकडेच न बघता. मैदानावरच्या एका पोराने टाळ्या वाजवल्या.

आईच्या सहीचं पान ताईच्या मुठीत ओलं झालं होतं. घर वाचलं होतं, आणि तिचा भाऊ पुढच्या सीटवर त्या माणसाच्या शेजारी बसून निघून गेला होता.